सोडलेली कुस्ती

माझ्या वडिलांना गावात कुणी नावानं हाक मारत नव्हतं. पैलवान म्हटलं की सगळ्यांना कळायचं. खटाव तालुक्यातल्या जत्रा त्यांनी गाजवल्या होत्याच, पण माण, कोरेगाव, पार कऱ्हाडपर्यंत त्यांच्या कुस्त्यांची आठवण निघायची. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. माझं स्वतःचं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. शाळेबाहेर पडलो की मी ‘पैलवानाचा’. पिठाच्या गिरणीत गेलं की विचारणा व्हायची, “कुणाचा रं तू?” “पैलवानाचा.” एवढ्यावर गिरणीवाला माझं दळण पुढं घ्यायचा. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बापानं लावलेल्या झाडाच्या सावलीला पोरानं बसू नये, तर कुणी बसावं?

१९७६ साली मी दहावीची परीक्षा दिली आणि चैत्रात गावची जत्रा आली. मी तालमीत जात होतो, पण अंगानं तात्यांवर गेलो नव्हतो. आईवर गेलो होतो, किडकिडीत. तरी पैलवानाचं पोरगं म्हणून पंचांनी मला फडात ओढलं आणि शेजारच्या गावच्या एका पोराशी जोड लावली. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मानेनं जाड. सलामी झाली, हलगी वाजली. मी पट काढला आणि काय झालं कळायच्या आत तो आडवा. चितपट! लोकांनी मला खांद्यावर घेतलं. पाच रुपये, नारळ आणि डोक्याला फेटा. तात्या फडाच्या कडेला उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आठ दिवस मी जमिनीवर चालत नव्हतो. नवव्या दिवशी बाजारात तोच पोरगा भेटला. भेळ खात होता, मलाही दिली. बोलता बोलता सहज म्हणाला, “वस्ताद म्हनला, पैलवानाचं पोरगं हाय, जत्रा त्यांच्या गावची हाय. टेक पाठ.” माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं. घाईनं म्हणाला, “पर तुझा पट बरा हुता बरं का.”

तो वाक्यातलं शेवटचं बोलला नसता तर बरं झालं असतं. पट बरा होता म्हणजे किती बरा होता? त्यानं पाठ टेकली नसती तर तो पडला असता का? कदाचित पडला असता. आज जवळपास पन्नास वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता सापडणारही नाही. हरलो असतो तर काय कमी आहे ते कळलं असतं. खरंच जिंकलो असतो तर काय आहे ते कळलं असतं. मला जिंकवून त्या माणसांनी दोन्ही कळण्याच्या वाटा बुजवल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तात्यांवरचं प्रेमच होतं ते. म्हणूनच मला रागावायलाही कुणी उरलं नाही.

त्यानंतर मी लांग चढवली नाही.

पुढच्या वर्षी मुंबईला गेलो. लालबागला चुलते गिरणीत होते. आमच्या भागातली वीस-बावीस माणसं एका गाळ्यात राहायची. पाळीप्रमाणं झोपायची जागासुद्धा पाळीवर. जेवण खानावळीतलं. इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. गिरणीत मला बदली कामगार म्हणून कार्ड मिळालं ते चुलत्यांच्या शब्दावर. त्या काळी बापाच्या, चुलत्याच्या, गाववाल्याच्या ओळखीनंच पोरं आत जायची. सकाळी भोंगा व्हायच्या आधी गेटवर ओळखीपाळखी नसलेली पोरंही उभी असायची. त्यांच्यातून मी आत जायचो. कुस्ती कुणी सोडली म्हणून वर्षभर रडणारा मी, नोकरी कुणी सोडली हे एकदाही विचारलं नाही. पोटाचा प्रश्न आला की माणसाची नीती अशी पटकन अंग चोरते.

पण त्याच लालबागनं मला एक गोष्ट दिली. गाळ्याच्या मागं एका मंडळाचं कबड्डीचं मैदान होतं. लालबाग, परळ, नायगाव हा सगळा पट्टाच कबड्डीचा आणि व्यायामशाळांचा. संध्याकाळी पाळी सुटली की पोरं अंगावर कापसाची पुसटशी बारीक तूस घेऊनच मैदानात उतरायची. दोऱ्यांवर दिवे लावलेले असायचे. पहिल्या दिवशी मला विचारलं, “गाव कुठलं?” म्हटलं, “सातारा.” तेवढंच. बाप कोण, हे कुणी विचारलं नाही. मी चढाईला गेलो. कोपऱ्यात एक माझ्यापेक्षाही काटकुळा पोरगा होता, लूम खात्यातला. त्यानं असा घोटा धरला की मी तोंडावर आपटलो. गुडघा सोलपटला. कुणी ‘लागलं का’ म्हणून विचारलं नाही. खेळ पुढं सुरू.

त्या रात्री गुडघ्याला हळद लावताना मला हसू येत होतं. गाळ्यातल्या लोकांना वाटलं, पोराला लागलंय आणि हे हसतंय काय! मी कसा सांगणार, की आज मी पहिल्यांदा माझा स्वतःचा हरलो होतो?

दीड वर्ष मी त्या मैदानावर माती खाल्ली. मग एका रात्रीच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, समोरच्या संघाचा चांगला चढाईपटू माझ्या कोपऱ्यात आला आणि मी एकट्यानं त्याचा घोटा धरला. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून वीतभर लांब राहिली. बक्षीस म्हणून प्रत्येकाला स्टीलचा एकेक पेला मिळाला. सुट्टीला तो गावी नेला. तात्यांनी हातात घेऊन फिरवून बघितला.

“कुणी दिला?”

“कुणी दिला न्हाई. मिळाला.”

तात्या काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून पाणी त्याच पेल्यानं प्यायला लागले. जत्रेच्या कुस्तीचं त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही.

‘दिला’ आणि ‘मिळाला’ या दोन शब्दांतलं अंतर मला तेव्हा नुसतं जाणवलं होतं. ते नीट कळलं क्रिकेटमुळं. गाळ्यात एकच रेडिओ होता आणि त्यावर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री लागली की पत्त्यांचा डावसुद्धा थांबायचा. रविवारी एका मालवणी दोस्ताबरोबर मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. आम्हाला क्रिकेटमधलं फार कळत नव्हतं, पण एवढं कळायचं, की दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, ताडदेव एवढ्या चालत फिरता येईल अशा मुलखातून हिंदुस्थानचे निम्मे फलंदाज निघत होते.

ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलेल्या सुनील गावसकरांनी १९७६ सालच्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात आपल्या मामाची गोष्ट लिहिली आहे. मामा म्हणजे माधव मंत्री. दादर युनियनचे, भारताकडून चार कसोटी सामने खेळलेले. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांचं घर. भाचा लहान असताना त्यांच्या कपाटातले भारतीय संघाचे स्वेटर काढून बघायचा. एकदा त्यानं मागितलं, मामा, तुझ्याकडं एवढे आहेत, एक मला दे ना. मामानं दिला नाही. हे घाम गाळून मिळवायचं असतं, तू पण मिळव, असं सांगितलं.

लहान पोरानं हट्टानं मागितलेली लोकरीची एक वस्तू. दिली असती तर काय बिघडलं असतं? कुठल्याही मामानं दिली असती, मीही दिली असती. पण दिली असती तर त्या घरात स्वेटर एक आणि गुपित शून्य, असं झालं असतं. न देऊन मामानं त्या पोराला सांगितलं, की या वस्तूला मी मालक नाही, त्यामुळं मी ती देऊ शकत नाही. तिचा मालक खेळ आहे. त्या पोरानं पुढं १२५ कसोटी सामने खेळून १०,१२२ धावा केल्या, त्या काही एका स्वेटरच्या नकारामुळं नव्हेत. पण त्यातली एकही धाव मामानं दिलेली नाही, हे त्या माणसाला आयुष्यभर माहीत होतं. ही केवढी मोठी मालमत्ता!

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. जन्मल्यावर दवाखान्यात या बाळाची अदलाबदल झाली होती. नात्यातल्या नारायण मसुरेकर नावाच्या काकांनी पहिल्या दिवशी बाळाच्या कानाच्या पाळीपाशी बारीक भोक बघून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाळ उचललं तर भोक नाही. शोधाशोध केली, तेव्हा आपलं बाळ एका कोळणीच्या कुशीत सापडलं. गावसकरांनी हे हसत हसत लिहिलं आहे, की काकांची नजर तीक्ष्ण नसती तर मी कोळी झालो असतो. वाचणारे सगळे हसतात. मी मात्र दरवेळी त्या दुसऱ्या बाळापाशी अडकतो. त्याच्या वाट्याला एक रात्र क्रिकेटचं घर आलं आणि सकाळी गेलं. त्याच्या मनगटात काय होतं, कुणी बघितलं? कपाटात स्वेटर असलेला मामा प्रत्येकाला नसतो. न देणारा मामासुद्धा नशिबानंच लागतो.

म्हणून मोठ्या बापाच्या पोरानं ‘मी माझ्या पायावर उभा राहिलो’ म्हटलं की लोक हसतात. त्यांचं चुकत नाही. पण हसताना ते दुसरी बाजू बघत नाहीत.

विजय मांजरेकर आणि संजय मांजरेकर यांचं बघा. विजय मांजरेकर हे मुंबईच्या क्रिकेटमधलं दांडगं नाव. १९५२ साली लीड्सला, वयाच्या विसाव्या वर्षी इंग्लंडविरुद्ध १३३ धावा. पुढं ५५ कसोटी, ३,२०८ धावा, सात शतकं. शेवटची कसोटी १९६५ साली मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध. त्या शेवटच्या कसोटीतही नाबाद १०२. तो सामना मार्चच्या सुरुवातीला संपला आणि जुलैमध्ये संजयचा जन्म झाला. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये विजय मांजरेकर वारले. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये संजय दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळला. म्हणजे पोरानं बापाची एकही कसोटी बघितली नाही आणि बापानं पोराची बघितली नाही. दोघांची गाठ पडली ती फक्त लोकांच्या तोंडी.

त्या पहिल्याच कसोटीत संजयला चेंडू डोळ्यापाशी लागला आणि त्याला मैदान सोडावं लागलं. १९८९ साली बार्बाडोसला त्यानं त्याच वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढं शतक काढलं. त्याच वर्षाअखेर पाकिस्तानात कराचीला शतक आणि लाहोरला २१८. बाद झाला तोही धावबाद. बापाची सगळ्यात मोठी खेळी नाबाद १८९ ची. म्हणजे एका आकड्यात पोरगा बापाच्या पुढं गेला. पण एकूण हिशेब काढला तर ३७ कसोटी, २,०४३ धावा. बापाची सरासरी ३९.१२, पोराची ३७.१४. दोन धावांचं अंतर! आमच्याकडं दोन भावांच्या बांधात एवढं अंतर असलं तर कोर्टात पिढ्या जातात.

संजय मांजरेकर यांनी मोठेपणी आत्मचरित्र लिहिलं, त्यात बापाची आपल्याला भीती वाटायची हे न लपवता सांगितलं. मोठ्या माणसाचं घर बाहेरून दिवाळीसारखं दिसतं, आत काय असतं ते त्या पोरालाच माहीत. मला त्यांच्या कहाणीतलं एक मोलाचं वाटतं. लाहोरच्या खेळपट्टीवर समोर इम्रान आणि वसीम होते. त्यांनी ‘विजयचा पोरगा आहे, टेक पाठ’ असं म्हणून चेंडू हळू टाकला नाही. बापाची ओळख असेल ती फाटकापर्यंत. शेवटच्या बावीस यार्डांत ती चालत नाही. संजय मांजरेकर बापापेक्षा मोठे झाले नाहीत, पण २१८ चा आकडा त्यांचा एकट्याचा आहे. स्वतंत्र होणं म्हणजे बापाला हरवणं, अशी माझी समजूत होती. ती खोटी आहे. बापाचं रान शंभर एकर असेल आणि तुझं दहा गुंठे, पण दहा गुंठ्यांच्या उताऱ्यावर तुझं नाव असलं पाहिजे आणि ते तुला खरं वाटलं पाहिजे.

ते खरं वाटण्यासाठी काहींना गाव सोडावं लागतं. सुनील गावसकरांच्या मुलाचं नाव रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे नावातच तीन फलंदाज, आडनावात चौथा. एवढं ओझं घेऊन पोरानं धावायचं कसं? बाप उजवा, हा डावखुरा. मुंबई सोडून तो बंगालकडून खेळला, तिथं कर्णधार झाला. भारताकडून ११ एकदिवसीय सामने खेळला, ॲडलेडला झिंबाब्वेविरुद्ध एक अर्धशतक काढलं. कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. लोक म्हणतात, गावसकरांच्या पोराला जमलं नाही. अकरा वेळा देशाकडून मैदानात उतरलेल्या माणसाबद्दल हे बोलायचं! दुसऱ्या कुणाचा असता तर गावानं कमान उभारली असती.

आणि अर्जुन तेंडुलकर. त्याचा बाप सचिन हा सुद्धा नावाजलेल्या बापाचा पोरगा होता, हे लोक विसरतात. रमेश तेंडुलकर हे कवी, दादरच्या कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक. पण कवितेची सावली क्रिकेटच्या मैदानावर पडत नाही. बापानं पोराला वेगळ्या रानात मोकळं सोडलं आणि आडवाटेनं जाऊ नको एवढं सांगितलं. २०१३ साली वानखेडेवर निरोप घेताना सचिननं हे सगळ्या जगाला सांगितलं. शिवाजी पार्कवर आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिन शेवटपर्यंत बाद झाला नाही तर नाणं त्याचं. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. कोट्यवधी मिळवलेला माणूस तेरा रुपये जपतो, कारण ते कुणी दिलेले नाहीत. माझा पेलाही त्याच जातीचा आहे, म्हणून मला हे कळतं.

अर्जुनला मात्र बापाच्याच रानात नांगर धरावा लागला. मुंबईकडून त्याला दोनच सामने मिळाले. २०२२ साली तो जास्त खेळायला मिळावं म्हणून गोव्याकडं गेला. त्या डिसेंबरात पर्वरीच्या मैदानावर राजस्थानविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्यानं १२० धावा केल्या. सातव्या क्रमांकावर येऊन. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? बापानंही १९८८ साली पहिल्याच रणजी सामन्यात शतक केलं होतं! दोनशे चेंडू खेळला पोरगा आणि बातमी झाली बापाची. पुढं मुंबईच्या संघानं त्याला आयपीएलमध्ये उतरवलं, तर लोक म्हणाले, बाप आहे ना. म्हणजे चांगलं झालं तर रक्तामुळं आणि जागा मिळाली तर वशिल्यामुळं. मग त्याचं स्वतःचं उरलं काय? त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. पण पर्वरीचं मैदान वाचलं तेव्हा मला लालबागचं मैदान आठवलं. जिथं ‘कुणाचा रं तू’ जरा कमी विचारतात, तिथं जाऊन स्वतःला एकदा तोलून बघावंसं वाटतं.

हे सगळं मला कळलं होतं. आता जे सांगतो ते एवढं कळून सुद्धा झालं, म्हणून सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगारांबरोबर मीही बाहेर पडलो आणि वर्षभरात गावाकडं परतलो. शेती केली, जमेल तसं लिहीत गेलो. पुस्तकं निघाली. तालुक्यात थोडं नाव झालं. शाळा झेंडावंदनाला बोलवायला लागल्या. माझं नाव ते केवढं, तांब्यात मावेल एवढं. पण तांब्याचीही सावली पडते.

दोन वर्षांपूर्वी माझी नात सातवीत होती. खो-खो खेळते. तालुक्याच्या संघासाठी बारा मुली निवडायच्या होत्या. निवडीच्या आदल्या दिवशी निवड करणाऱ्यांपैकी एक जण रस्त्यात भेटले. माझी पुस्तकं वाचलेले. नमस्कार करून म्हणाले, “आबा, तुमची नात आहे, काळजी करू नका.”

मला तिथंच बोलता आलं असतं. ‘तिला तिच्या खेळावर घ्या, नाहीतर घेऊ नका.’ एवढं एक वाक्य. ते माझ्या जिभेवर होतं. मी नुसता हसलो. हसणं म्हणजे होकारही नव्हे आणि नकारही नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. पण वस्तादांनी ‘टेक पाठ’ म्हटलं तेव्हा पंचही असेच हसले असतील.

नात बारा जणींत आली. घरात पेढे आले. तिसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन बसली. कुणीतरी काहीतरी बोललं असावं. म्हणाली, “आबा, मी माझ्यामुळं निवडले का तुमच्यामुळं?”

मी काय सांगणार? ती चांगली पळते. सूर मारते तेव्हा बघत राहावं. ती तिच्या खेळावरही निवडली गेली असती. असती. हा ‘असती’ मीच तिच्या गळ्यात बांधला. पन्नास वर्षांपूर्वी जे माझं कुणी हिरावलं, तेच मी तिचं हिरावलं आणि तेही प्रेमानंच. मी म्हटलं, “मला ठाऊक न्हाई बाळा.” खोटं बोललो नाही, एवढंच. तिनं मान खाली घातली.

आणि तेरावी मुलगी होती. तिचा बाप दुसऱ्याच्या रानात रोजानं जातो. तिला घ्यायला हवी होती की नको, हेही आता कुणाला कळणार नाही. एका हसण्यात मी दोन पोरींना अंधारात ठेवलं. ती मुलगी रस्त्यात भेटते. “आबा, एसटी गेली का?” म्हणून विचारते. मी एसटीचं सांगतो आणि खाली बघतो. तिच्या घरी जाऊन सांगावं असं दोनदा ठरवलं. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. तिच्या बापानं आदरानं घोंगडं टाकलं, चहा केला. चहा पिऊन परत आलो.

मग पोराला द्यावं काय आणि देऊ नये काय? शेतकरी म्हणून मला एवढं कळतं. जमीन द्यावी, पीक देता येत नाही. विहीर द्यावी, पाणी त्यानं पाजायचं. चांगली बूटजोडी द्यावी, पहाटे उठवावं, तालमीची वाट दाखवावी. बापाला येतं ते सगळं शिकवावं. हे साधन झालं. निकाल मात्र देऊ नये. तो आपला नसतोच. जो निकाल देतो त्याला वाटतं आपण पोराच्या पदरात काही घातलं. खरं तर तो त्याच्या पदरातून काढून घेतो. आपण कोण आहोत हे कळायची त्याची संधी.

यातही एक गाठ सुटत नाही, ती लपवत नाही. साधनसुद्धा सारखं नसतं. माझ्या नातीला बूट आहेत, त्या तेराव्या पोरीला नाहीत. मोठ्याच्या पोराला मैदान घरापाशी, दुसऱ्याला कोस कोस चाल. निकाल प्रामाणिक लावला तरी सुरुवातीची रेघच वाकडी आहे. ती सरळ करणं एकट्या बापाच्या हातात नाही. पण निदान शेवटची रेघ आपण वाकडी करू नये, एवढं हातात आहे. आणि तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

नात त्या वर्षी संघातून खेळून आली. पुढच्या वर्षी म्हणाली, खो-खो नको. मला वाटलं, माझ्यासारखीच हीसुद्धा लांग उतरवून ठेवणार. पण ती म्हणाली, “आबा, पळण्यात कुणी निवडत न्हाई ना? घड्याळच सांगतं ना?”

म्हटलं, “व्हय.”

आता ती आठशे मीटर पळते. पहाटे ओढ्याच्या कडेच्या रस्त्यानं सराव करते. त्या तेराव्या मुलीलाही तिनं सोबत घेतलंय. मी सांगितलं नव्हतं. मागच्या थंडीत जिल्ह्याच्या स्पर्धेला गेल्या दोघी. संध्याकाळी एसटीतून उतरून नात घरी आली, पायातले बूट काढले, माठापाशी गेली, तात्यांचा पेला भरून पाणी प्यायली आणि मग म्हणाली,

“चौथी आले.”

“आणि ती?”

“ती दुसरी.”

तिच्या तोंडावर जे हसू होतं, ते मी ओळखलं. लालबागच्या गाळ्यात, गुडघ्याला हळद लावताना मी तसाच हसलो होतो.